गाडी खाली टेकल्यावर

१२ जानेवारी

दहा नंबर,

वर तुझं हेच नाव लिहितोय, लहानपणी तू दहा नंबरचा पाना हातातून सोडायची नाहीस तेव्हापासूनचं. खरं नाव लिहिलं की कोर्टाची नोटीस आल्यासारखी वाटते. तू फोन उचलत नाहीस, आणि माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस हे मला तुझ्या मावशीकडून कळलं. ठीक आहे. टपाल अजून कुणाला बंद करता येत नाही. बसडेपोच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकतोय, तिथला शिपाई निदान हातात तरी देईल.

घाबरू नकोस, रडगाणं गायला बसलो नाही. कामाचं विचारायचं आहे.

आपला जुना ट्रक पुन्हा खोलायला काढलाय. तो मी चार इंच उचलला तेव्हा तू गॅरेजातच होतीस, तरी उजळणी म्हणून लिहितो. चारही चाकांवर स्प्रिंगच्या मूळ पाट्यांना जास्तीचे दोन दोन जाड पाटे, मागच्या ॲक्सलवर लोखंडी ठोकळे आणि हिसके गिळणारे शॉकप जुनेच, आखूड. उंची मिळाली, त्यात वाद नाही. ओढ्याला पाणी असलं तरी इंजिन भिजत नाही, खाणीच्या रस्त्यावरचा एक दगड पोटाला लागत नाही. पण चालतो कसा, तर पाटावर बसून जिना उतरावा तसा. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याने खाली जाऊन जमीन धरायला हवी. ते हवेत लटकत राहतं, आणि मग सगळी गाडी एकदम आपटते.

मला उंची तेवढीच ठेवून गाडी मऊ करायची आहे. तुमच्या डेपोत रोज शंभर बसगाड्यांचे पाटे खाली-वर होतात, तर तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. हे वाक्य मी लिहिलंय, जपून ठेव.

घाई यासाठी की मावशी एप्रिलअखेर घर सोडून मुलाकडे जाणार आहे, दोन दिवसांच्या प्रवासावर. मग तुझ्या आईने एक तर तिच्याबरोबर जायचं, नाही तर वर आपल्या घरी यायचं. तीन वर्षं ती मावशीच्या मागच्या खोलीत आहे, काठी टेकत खोलीतल्या खोलीत चालते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. तिला घरी यायचंय. डॉक्टरांचं म्हणणं असं की हाडं ठिसूळ झाली आहेत, तसा हिसका पुन्हा बसला तर पाय जातील. आणि शेवटचे सहा किलोमीटर आपला ट्रक आणि खाणीच्या गाड्या सोडल्या तर दुसरं काही चढत नाही, हे तुला माहीत आहे. चौघांनी खुर्चीत बसवून उचलून आणावं असं मी सुचवलं, तर म्हणाली, "मी काय कपाट आहे?"

तर शॉकप किती लांब घ्यावेत, पाट्यांचं काय करावं, एवढं कळव. त्या दिवशी जे झालं ते झालं. गाडी तू चालवत होतीस, त्यावर मला आता काही बोलायचं नाही.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो.

बाबा


२ फेब्रुवारी

दहा नंबर,

तुझा कागद मिळाला. वर 'बाबा' नाही, खाली सही नाही. डेपोच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला चार ओळी, आणि त्याही तू फोरमनला देतेस तशा. मी त्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. जाड पाटे काढा, पातळ आणि संख्येने जास्त घाला. शॉकप चाक पूर्ण लटकवून मोजा आणि त्याहून दोन बोटं लांब घ्या. टायरची हवा कमी करा. आणि चौथी ओळ, "बुशांचे नट गाडी खाली टेकवून कसा, लटकवून नाही. तेव्हाही सांगितलं होतं."

अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला सांगू. तीन दिवस त्या कागदाकडे पाठ करून काम केलं.

तेव्हाही सांगितलं होतंस, आठवतंय. खाणीचे दोन ड्रायव्हर चहा घेत उभे होते. ट्रक लोखंडी घोड्यांवर चढवलेला, चाकं लोंबत होती, आणि मी लांब पाइप लावून नट आवळत होतो, कारण गाडी वर असली की पाइप फिरवायला जागा मिळते आणि माझा गुडघा दुमडावा लागत नाही. तू खालून म्हणालीस, "बाबा, आत्ता फक्त हाताने लावा. वजन आल्यावर कसू." मी काय म्हणालो तेही आठवतंय. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी नट कसतोय. आता पोर बापाला पाना धरायला शिकवणार." ड्रायव्हर हसले. तू पाना फडक्यावर ठेवलास आणि हात धुवायला गेलीस.

चौथ्या दिवशी ट्रकखाली शिरलो. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश बाहेर काढले. बारापैकी नऊ फाटलेले. नुसते झिजलेले असते तर समजू शकलो असतो, पण हे आतून पिळवटून फाटलेत, ओला कपडा पिळून तसाच वाळवल्यासारखे. एक या पाकिटात घातलाय. डेपोत कुणाला दाखवू नकोस.

मी शिकलो पितळी बुशांवर. माझ्या उस्तादाच्या गॅरेजात सगळ्या गाड्या तसल्याच. पितळेत ग्रीस भरायचं, पिन फिरत राहते, नट वर कसा नाही तर खाली, तिला फरक पडत नाही. रबर फिरत नाही, पिळतं. लटकत्या गाडीला नट आवळला की ते तिथेच धरून बसतं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलंच राहतं. पाट्याला वाकूच देत नाही. पाटे जाड म्हणून गाडी कडक आहे असं मी तीन वर्षं समजत होतो. अर्धा कडकपणा माझ्या पान्याचा निघाला.

हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही तुझ्या चौथ्या ओळीमुळे. चूक माझी होती. लिहिलं बघ.

पण म्हणून बुशामुळेच तुझ्या आईचा मणका दबला असं काही कुणी म्हणू शकत नाही. त्या दिवशी वेगही होता.

बाबा


१९ फेब्रुवारी

दहा नंबर,

तुझं उत्तर नाही. बुश मिळाला असेल असं धरतो.

पाटेवाल्या म्हाताऱ्याकडे जाऊन आलो. अजून भट्टी चालवतो, ऐकू मात्र कमी येतं. त्याला म्हटलं, गाडी मऊ करायची आहे. तो म्हणाला, "का, म्हातारपण आलं?" म्हटलं, बायकोला आणायचंय. मग एकदम गंभीर झाला. जाड पाटे बाजूला फेकले, सात पातळ पाटे निवडले, तापवून तापवून त्यांना बाक दिला, आणि एकेक हाताने दाबून बघितला, जसं दुकानात कापड बघतात. उंची बाकातून येते, जाडीतून नाही, असं म्हणाला. हे मला त्याने वीस वर्षांपूर्वीही सांगितलं असेल. मी कुणाचं ऐकत होतो म्हणा.

दोन पाट्यांच्या मध्ये घासू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. मागचे ठोकळे काढून टाकले. तू सांगितल्याप्रमाणे चाक लटकवून मोजलं आणि लांब शॉकप आणले. जुन्या शॉकपची दांडी बघितली तर टोकापर्यंत ओढली जाऊन ठेचलेली. प्रत्येक खड्ड्यात तोच गाडीला मागे खेचत होता. नवीन बुश अजून मिळालेले नाहीत, तूर्त तेच फाटके घालून चालवतोय, तुला पाठवलेल्याच्या जागी भंगारातला एक. नट मात्र गाडी खाली टेकवून कसले. पाठीवर झोपून, नाकात माती जात होती तरी कसले.

आता हसशील. गाडी मऊ झाली की नाही हे माझ्या ढुंगणाला कळत नाही, चाळीस वर्षांत ते दगड झालंय. म्हणून तीस अंड्यांचा ट्रे आणला, तुझी आई बसते त्या खिडकीजवळच्या सीटवर ठेवला, आणि ओढ्यापासून घरापर्यंत चालवत आलो. काही न बदलता पहिल्यांदा नेला तेव्हा एकोणीस फुटली होती. पाटे बदलल्यावर सात. शॉकप लावल्यावर दोन. तीन आठवडे आम्लेट खातोय, आता अंड्याकडे बघवत नाही.

ती दोन कुठे फुटली ते तुला सांगायला नको. म्हशीवर. तो दगड आहे तसाच आहे, रस्त्यात बसलेला, उठायचं नाव नाही.

रविवारी आईला अंड्यांचं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "अंडी बोलत नाहीत म्हणून बरं आहे तुम्हाला." मग म्हणाली, "मी येईन घरी. पण गाडी आपल्या पोरीने चालवायची. तुम्ही नाही." मी म्हटलं, अगं, तिच्याच हातून तर तो प्रकार... तिने माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तिला कूस बदलायला किती त्रास होतो, माहीत आहे ना तुला.

तिच्या मनात काय आहे कळत नाही. तूच विचार तिला.

बाबा


६ मार्च

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं टाकणार आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की तिच्या मनात काय आहे कळत नाही. ते खोटं होतं. मला कळलं होतं, तिने भिंतीकडे तोंड केलं तेव्हाच. चोराच्या मनात चांदणं असतं.

परवा पुन्हा गेलो. मावशी बाहेर होती. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? ती म्हणाली, "सगळं. माझा मणका मोडला होता, कान नाहीत मोडले." मग म्हणाली, "तीन वर्षं वाट बघतेय, तुम्ही कधी बोलता. मी बोलले असते तर तुम्ही पोरीसाठी नाही, माझ्या शब्दाखातर कबूल केलं असतं. मला तसं नको होतं."

तर लिहितो. तुला माहीत आहे, पण मी लिहिलेलं तुझ्याकडे नाही.

आईला चारची बस गाठायची होती. आपण निघायलाच उशीर केला, म्हणजे मी केला, कारण मी एका गिऱ्हाइकाशी गप्पा छाटत बसलो होतो. तू चालवत होतीस, मी मध्ये, आई खिडकीजवळ. म्हशीपाशी आल्यावर तू गाडी थांबवलीस, नेहमीप्रमाणे. तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून आपला नियम होता, म्हशीवर कुणीतरी खाली उतरायचं, पुढे उलटं चालायचं आणि हाताने दाखवायचं. पंजा म्हणजे सावकाश, मूठ म्हणजे थांब, बोट जिकडे तिकडे चाक. तेव्हा तू उतरायचीस आणि मी तुझ्या एवढ्याशा हाताकडे बघून अख्खा ट्रक चालवायचो. नियम माझाच.

त्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, उतरता का?" मी घड्याळ बघितलं. म्हणालो, रोजचा दगड आहे, दाब. तू म्हणालीस, "गाडी वाकत नाहीये, मागचं चाक उचलेल." मी म्हणालो, बस जाईल, दाब म्हणतो ना. तरी तू दाबलं नाहीस. मग मी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. स्वतःलाही सांगताना मी ते 'हात ठेवला' इथपर्यंतच सांगायचो.

चाक उचललं, गाडी तिरपी झाली आणि मग आपटली. आईच्या तोंडून आवाजही आला नाही. पुढचं तुला ठाऊक आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, पोरीने वेगात घातली. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. तू दारात उभी होतीस, आईच्या चपला हातात धरून. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, मी वाक्य दुरुस्त करेन म्हणून तू थांबली होतीस. मग मावशी आली, तिलाही मी तेच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते खरं वाटायला लागलं. महिन्याभराने तू बॅग भरलीस. मी ट्रकखाली होतो. तुझे पाय दिसत होते, थोडा वेळ थांबलेले. मी बाहेर आलो नाही.

का केलं असं विचारशील. गॅरेजच्या पाटीवर माझं नाव आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेला माणूस, त्याने उचललेल्या गाडीत त्याच्याच बायकोचा मणका गेला म्हटल्यावर कोण दारात गाडी आणणार? तुझी चूक चालून जाते. लोक म्हणतात, पोर आहे, शिकेल. माझी चालली नसती. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही शोधून बघितलं, मिळालं नाही.

काल मावशीला सांगितलं. ती कपात चहा ओतत होती, किटली खाली ठेवली आणि आत निघून गेली. माझा कप रिकामाच राहिला. डॉक्टरांकडेही गेलो. ते म्हणाले, "आता त्याने काय फरक पडतो?" मी म्हटलं, मणक्याला नाही पडत, पण तुमच्या कागदावर पोरीचं नाव आहे. त्यांनी फाइल काढली आणि ती ओळ खोडली. मी उभा राहून बघितलं. खाणीवरच्या त्या दोन ड्रायव्हरांनाही सांगितलं. एक म्हणाला, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." असेल.

माफी मागतो. मी कधी कुणाची मागितलेली नाही, त्यामुळे ती कशी मागतात ते नीट माहीत नाही. मी तुझ्यावर घातलं ते माझं होतं. तू त्या दगडावर बरोबर थांबली होतीस.

मला खूप लाज वाटते, पोरी.

बाबा


२७ मार्च

दहा नंबर,

पार्सल मिळालं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा बुश, नवे, रबराचा वास येणारे. वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी उलगडून बघितलं, कुठे काही लिहिलंय का म्हणून. नव्हतं. चालेल.

जुने काढले, बारीक पॉलिश पेपरने नळ्या साफ केल्या, नवे दाबून बसवले. तेल लावलं नाही, साबणाचं पाणी लावलं, तेलाने रबर सडतं हे तू सांगायच्या आत मीच वाचलं. मग ट्रक घोड्यांवरून उतरवला. तो आता चारही चाकांवर उभा आहे. मागच्या हौद्यात वाळूची चार पोती टाकली आहेत, कारण रिकामा असला की उड्या मारतो. हवा कमी केली आहे.

बाराच्या बारा नट हाताने लावलेत. कसलेले नाहीत.

पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलाय, लांब पाइपसकट. मी रोज गॅरेज उघडतो, इतर गाड्यांची कामं करतो आणि त्या सीटकडे जात नाही. सवय वाईट असते, एकदा हात शिवशिवला तेव्हा उठून बाहेर जाऊन बसलो.

तुझी आई विचारत होती, येणार का? मी म्हटलं, मला विचारण्याचा हक्क नाही, पण विचारून बघतो. तर विचारतो. येतेस का? एप्रिलच्या मध्यापर्यंत आलीस तर ती घरी येईल. नाही आलीस तर ती मावशीबरोबर जाईल, आणि त्याचा दोष तुझा नसेल. हे मी कागदावर लिहून सही करतोय, म्हणजे पुढे मी काही बरळलो तर तुझ्याकडे पुरावा असू दे.

बाबा


२० एप्रिल

दहा नंबर,

तू परत गेल्याला सहा दिवस झाले. सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितोय. पुढे बसलेल्याला जे दिसतं ते मागे बसलेल्याला दिसत नाही, आणि उलटही. मागून कसं होतं ते तुला माहीत नाही.

तू आलीस, बॅग बाकावर ठेवलीस आणि माझ्याशी न बोलता ट्रकखाली गेलीस. मी दारात उभा होतो. बारा वेळा पान्याचा आवाज मोजला. प्रत्येक नटावर तू पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीस, सैल झाला तर कळावं म्हणून. ते मी तुला शिकवलं होतं. तुला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. बाहेर आलीस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "मागे बसा. पोती कमी पडतील."

मावशीच्या घरून निघताना आईला पुढे बसवलं, पाठीमागे दोन उशा लावल्या. मी हौद्यात, वाळूच्या पोत्यांवर, पाचवं पोतं. मावशी दारात उभी होती. तिने मला हात केला नाही, तुम्हाला दोघींना केला.

काचेतून तुमची दोन डोकी दिसत होती. तुम्ही बोलत होतात. ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. ओढ्याजवळ आई हसली, मान मागे टाकून. तीन वर्षांत मी तिची मान तशी हललेली बघितली नव्हती. ओढ्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं, मी कडेला घट्ट धरून बसलो, आणि मागचं चाक सावकाश, आपलं आपण, वर आलं. हौदा नुसता कलला आणि सरळ झाला. मी चाळीस वर्षं या रस्त्यावर आहे, पण ट्रक असा चाललेला मला कधी कळलाच नव्हता.

मग म्हैस आली. तू थांबलीस.

मला वाटलं तू विचार करतेयस. इंजिन चालू, तू पुढेच बघत होतीस. मग काच खाली केलीस आणि म्हणालीस, "बाबा, पुढे उतरा."

तीन वर्षांत तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी उतरलो. कसा उतरलो ते विचारू नकोस, गुडघ्याने शिव्या दिल्या. ट्रकच्या पुढे गेलो, तोंड तुमच्याकडे केलं, आणि हात वर केला. हात थरथरत होता. पंजा आहे की मूठ आहे हे मलाच कळेना. आई काचेतून माझ्याकडे बघत होती, तू माझ्या हाताकडे. फक्त हाताकडे.

तू गाडी हलवली नाहीस. हॉर्न दिला नाहीस. किती वेळ गेला मला माहीत नाही. हात स्थिर होईपर्यंत तू ब्रेकवरचा पाय काढला नाहीस. मग मी पंजा दाखवला, आणि तू आलीस. मी बोट डावीकडे केलं, चाक डावीकडे आलं. मूठ केली, तू थांबलीस. आईला घेऊन तू त्या दगडावरून माझ्या हाताच्या मागे मागे आलीस, बोटाबोटाने. चारही चाकं शेवटपर्यंत जमिनीवर होती.

म्हैस मागे पडल्यावर मी पुन्हा मागे चढलो नाही. घरापर्यंत उलटाच चालत आलो. तू एकदाही म्हणाली नाहीस की आता पुरे.

आई बरी आहे. पहिल्याच दिवशी ओट्याशी उभी राहून म्हणाली, माझे डबे कुणी हलवले? मी म्हटलं, तीन वर्षं झाली. म्हणाली, म्हणून काय झालं? आता सगळे डबे तिच्या जागी गेले आहेत आणि मला मीठ सापडत नाही. सकाळी काठी टेकत गॅरेजच्या दारापर्यंत येते, बाकावर बसते आणि माझ्या कामात चुका काढते. बाक ट्रकच्या समोर आहे.

जाताना तू मला एवढंच म्हणालीस, "नवे बुश बसले की नट जरा सैल पडतात. महिन्याने पुन्हा कसावे लागतील. तोपर्यंत हात लावू नका."

रोज सकाळी वाकून बघतो. पांढऱ्या रेघा जागेवर आहेत. हात लावलेला नाही.

बाबा